रोध म्हणतो १५, प्रकाश म्हणतो १३.५: अतिसंवाहक फिल्मचा टीसी जुळत नसेल तर

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. नायोबियम नायट्राइडची एकच फिल्म, म्हणजे पट्टीवर वाढवलेला पातळ थर, आहे. चार तारा (दोन करंटच्या, दोन दाब म्हणजे व्होल्टेज मोजायच्या) जोडून रोध मोजला तर तो १५ केल्विनला शून्याकडे कोसळतो, म्हणजे फिल्मचा टीसी, अर्थात ज्या तापमानाखाली ती अतिसंवाहक होते ते तापमान, १५ निघतो. तीच फिल्म खिडक्यांच्या क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे नमुना अतिथंड ठेवणाऱ्या निर्वात भांड्यात, बसवून टेराहर्ट्झ (दूर-अवरक्त) किरणांचं पारगमन, म्हणजे किती किरण आरपार जातात ते, मोजलं, तर अतिसंवाहकतेची खूण १३.५ केल्विनच्या वर दिसतच नाही. तारा काढून पुन्हा जोडल्या की पहिला आकडाही १४.७ होतो. पुढच्या आठवड्यात परत तेच, फक्त आकडे वेगळे.

अशा वेळी पहिला संशय बिचाऱ्या फिल्मवर जातो. मीही आधी फिल्मच बदलत बसायचो. नवी फिल्म, नवे आकडे, गोंधळ तोच. शेवटी लक्षात आलं ते असं की दोष बहुतेक वेळा फिल्मच्या बाहेर असतो: थर्मामीटर भलत्याच जागेचं तापमान सांगत असतो, किंवा तारा स्वतःचंच काहीतरी मिसळत असतात. त्यामुळे हल्ली एकच सवय लावून घेतली आहे. कुठलंही मापन उलटून बघायचं. करंट उलटा करायचा, तारांची अदलाबदल करायची, थंड होताना मोजलेलं गरम होताना परत मोजायचं, किरण चालू असताना मोजलेलं किरण अडवून मोजायचं. फिल्मचा गुणधर्म असेल तर प्रश्न कुठल्याही बाजूने विचारला तरी उत्तर बदलत नाही.

रोध शून्यावर येतच नाही

ही तक्रार फिल्मपेक्षा पूड दाबून भाजलेल्या गोळीच्या नमुन्यात जास्त येते, आणि तिथे साधं गणित करून बघण्यासारखं आहे. इट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइडच्या, म्हणजे वायबीसीओच्या गोळीची रोधकता सामान्य तापमानाला साधारण १ मिलिओहम-सेंटिमीटर धरा. पट्टी ३ मि.मी. रुंद, १ मि.मी. जाड, दाब मोजायच्या तारांमध्ये ४ मि.मी. अंतर. रोध निघतो सुमारे १३ मिलिओहम. १० मिलिअँपिअर करंटला व्होल्टेज १३० मायक्रोव्होल्ट, आणि संक्रमणाच्या जरा वर, १०० केल्विनच्या आसपास, त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकं. आता क्रायोस्टॅटच्या माथ्यापासून नमुन्यापर्यंत तारेच्या दोन टोकांत दोनशे केल्विनचा फरक आहे, वाटेत तांबं, डाग (सोल्डर), पिन असे वेगवेगळे धातू एकमेकांना भेटतात. तिथे तीन-चार मायक्रोव्होल्टचा उष्माविद्युत दाब सहज तयार होतो. म्हणजे मूळ संकेताच्या दहा टक्के! नमुना अतिसंवाहक झाला की त्याचा स्वतःचा उष्माविद्युत दाब नाहीसा होतो, तारांचा मात्र तसाच राहतो, आणि आलेखावर तो ‘उरलेला रोध’ म्हणून दिसतो.

उपाय जुना आणि खात्रीचा: प्रत्येक तापमानाला करंट एकदा सुलटा, एकदा उलटा, आणि दोन्ही वाचनांच्या फरकाचं निम्मं. उष्माविद्युत दाबाला करंटची दिशा कळत नाही, म्हणून तो वजा होऊन जातो. एक पथ्य मात्र पाळा. दोन वाचनांच्या मधल्या वेळात तापमान सरकत असेल तर वजाबाकी पूर्ण होत नाही. सुलट-उलट-सुलट अशी तीन वाचनं घेतली तर हे सरकणंही बऱ्यापैकी निघून जातं.

लॉक-इन, म्हणजे ठरावीक वारंवारतेचा उलटसुलट करंट देऊन फक्त त्याच वारंवारतेचा संकेत वाचणारं यंत्र, वापरत असाल तर उष्माविद्युत दाबाची चिंता नाही, पण तिथे दुसरा चोर बसलेला असतो. समजा करंट जिथून बाहेर पडतो त्या काँटॅक्टचा, म्हणजे तार आणि नमुना यांच्या जोडाचा, रोध ५० ओहम आहे आणि करंट १ मिलिअँपिअर. मग दाबाच्या दोन्ही तारा मिळून जमिनीपेक्षा ५० मिलिव्होल्टवर तरंगतात. इनपुट हा सामायिक दाब एक लाख पटीने दाबत असला तरी अर्धा मायक्रोव्होल्ट आत झिरपतोच, म्हणजे अर्धा मिलिओहम खोटा रोध. हा झिरपलेला भाग ऋणही असू शकतो. ‘रोध शून्याच्या खाली गेला’ असं कोणी घाबरून सांगायला आलं की मी आधी काँटॅक्टचा रोध विचारतो. करंटची आत जाणारी आणि बाहेर येणारी तार आपसांत बदला, दाबाच्या ताराही बदला. अतिसंवाहकाचं शून्य जागचं हलणार नाही, झिरपलेला आकडा हलेल. लॉक-इनची वारंवारता १७ हर्ट्झसारखी, घरच्या विजेच्या पटीत न बसणारी ठेवा, आणि वाचनाचा नव्वद अंशांचा, म्हणजे करंटपेक्षा पाव फेरा मागे-पुढे चालणारा, घटकही लिहून ठेवा. तो वाढत असेल तर काँटॅक्ट बिघडत चाललाय.

याहून कडक चाचणी म्हणजे करंटची जोडी आणि दाबाची जोडी यांचीच अदलाबदल. चुंबकी क्षेत्र नसताना आणि मापन रेषीय असताना रोध तंतोतंत तोच यायला हवा. नाही आला तर आलेख काढायच्या आधी तारा सोडवा.

शून्य अगदी सुबक आलं, तर जास्त काळजी करा

थंड होताना धातू आकसतात, आणि चांदीच्या पेस्टचा ठिपका कधीकधी नेमका तेव्हाच सुटतो. दाबाची तार सुटली की मीटरवर शून्य दिसू शकतं. तेव्हा करंट खरंच वाहतोय का हे वेगळं मोजलेलं असलं पाहिजे. यासाठी करंटच्या वाटेत एक साधा ठरावीक रोध घालून त्यावरचा दाब शेजारच्या खान्यात नोंदवायचा. एवढ्या छोट्या गोष्टीने माझे कित्येक ‘शोध’ जागच्या जागी मेले आहेत.

दुसरा सापळा डागकामाचा. कथील-शिशाचा साधा डाग स्वतःच ७ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होतो. शिसं ७.२ ला, कथील ३.७ ला, इंडियम ३.४ ला, ॲल्युमिनियमची जोडतार १.२ ला. एखाद्या नव्या, अनोळखी पदार्थात बरोबर ७ केल्विनला रोधात छोटी पायरी दिसली तर आनंदाने उड्या मारण्याआधी डाग कशाचा आहे ते बघा. या क्षेत्रात ‘अनोळखी अतिसंवाहक वस्तू’ असा चेष्टेचा शब्दच रूढ आहे. उडत्या तबकडीसारख्या या वस्तू एकाला दिसतात आणि परत कोणाला सापडत नाहीत.

रोध एकटा साक्षीदार म्हणून अपुराच. नमुन्यातला शंभरातला एखादा हिस्सा अतिसंवाहक असला आणि त्याची धागा-धागा जोडून वाट तयार झाली की रोध शून्य होतो. चुंबकी ग्राह्यता (नमुना चुंबकी क्षेत्राला किती प्रतिसाद देतो ते) मोजल्याशिवाय आकारमानाचा किती भाग अतिसंवाहक आहे याबद्दल बोलू नये. आणि संक्रमण दोन पायऱ्यांत होत असेल, तर करंट दहापट कमी करून बघा. खालची पायरी वर सरकली, म्हणजे ती गोळीतल्या भाजून चिकटलेल्या स्फटिककणांमधल्या कमकुवत दुव्यांची होती. कणांच्या आतलं संक्रमण वरच्या पायरीत आहे. अगदी थोडं चुंबकी क्षेत्र लावूनही खालची पायरीच आधी पसरते.

थंड होताना एक, गरम होताना दुसरा

चुंबकी क्षेत्र नसताना अतिसंवाहक संक्रमणात सुप्त उष्णता नसते. त्यामुळे थंड होतानाचा आणि गरम होतानाचा आलेख एकमेकांवर बसायला हवेत. नाही बसले तर त्यात भौतिकी शोधू नका, थर्मामीटर आणि नमुना यांच्यामधलं अंतर मोजा. मिनिटाला २ केल्विनने एकदा, मिनिटाला ०.२ केल्विनने एकदा. दोन आलेखांमधली फट वेग कमी केल्यावर आटली, म्हणजे नमुना मागे रेंगाळत होता. फट कमी वेगातही तेवढीच राहिली, तर थर्मामीटर आणि नमुना यांच्यात कायमचा फरक आहे, आणि तो वेगाने बरा होणार नाही.

हा कायमचा फरक बहुधा तारांतून येतो. जाड तांब्याची तार वरून सरळ नमुन्यावर आणून सोडली, की ती माथ्यावरची उष्णता थेट फिल्मवर ओतते. पातळ फॉस्फर ब्राँझ किंवा मँगॅनिनची तार घ्या, जोडीजोडीने पिळा, आणि नमुन्याकडे नेण्याआधी थंड तांब्याच्या खांबाभोवती आठ-दहा वेढे देऊन व्हार्निशने चिकटवा. तारेने आपली उष्णता खांबावर सोडून मग पुढे जायचं. या एका दुरुस्तीने माझ्याकडे पाव ते अर्धा केल्विनचा फरक गेला होता. थर्मामीटर धारकाच्या मागच्या बाजूला आणि नमुना पुढच्या बाजूला असला तर निव्वळ स्क्रू सैल असल्यानेही तेवढाच फरक पडतो, हे कबूल करायला जरा लाज वाटते.

करंट स्वतःच गरम करतो

काँटॅक्टचा रोध २० ओहम आणि करंट १० मिलिअँपिअर, तर त्या ठिपक्यात २ मिलिवॅट उष्णता निघते. चिकट ग्रीसवर बसवलेल्या छोट्या तुकड्याला एवढी पुरे. तपासणी सोपी: करंट निम्मा केला की उष्णता चौथाई होते. करंट कमी केल्यावर टीसी वर सरकला, तर आधी दिसत होता तो गरम काँटॅक्टचा परिणाम होता, किंवा करंट क्रांतिक मर्यादेच्या (जिच्यापुढे अतिसंवाहकता मोडते तिच्या) फार जवळ होता. या दोन्हींत फरक करायचा तर आखूड स्पंदातला करंट वापरा. स्पंद आखूड केल्यावर आलेख सुधारला तर उष्णता, नाही सुधारला तर क्रांतिक करंट.

वायबीसीओवर काँटॅक्ट चांगला होत नाही ही वेगळीच कटकट. त्याचा पृष्ठभाग हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड धरून मरतो, आणि वर लावलेली पेस्ट त्या मेलेल्या थरावरच बसते. ताजा पृष्ठभाग खरवडून लगेच चांदी किंवा सोन्याचा थर बसवायचा, मग ऑक्सिजनच्या प्रवाहात ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला भाजायचं. याच तापमानात पदार्थ ऑक्सिजन आत-बाहेर करतो, म्हणून निर्वातात गरम करून काँटॅक्ट ‘पक्का’ करायच्या फंदात पडू नका. ऑक्सिजन पूर्ण भरला की टीसी ९२ केल्विनच्या आसपास असतो. थोडा उडाला की ६० केल्विनच्या पठारावर घसरतो. आणखी उडाला की पदार्थ अतिसंवाहक राहतच नाही. तुमचा टीसी काँटॅक्ट लावल्यानंतर कमी झाला असेल तर दोष मापनाचा नाही, भट्टीचा आहे.

आता प्रकाशाकडे

सगळ्यात आधी एक गैरसमज. ‘नमुना ४ केल्विनला नेला तरी दृश्य प्रकाशातलं परावर्तन जागचं हलत नाही, काय चुकलं?’ काहीच चुकलं नाही. अतिसंवाहकतेसाठी इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात, आणि एक जोडी मोडायला लागणारी ऊर्जा, म्हणजे ऊर्जाफट किंवा गॅप, साडेतीन गुणिले बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले टीसी एवढी असते. १५ केल्विनच्या फिल्मसाठी ती ४.५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि नायोबियम नायट्राइडमध्ये बंध जास्त घट्ट असल्याने थोडी अधिकच. वारंवारतेत १.१ ते १.३ टेराहर्ट्झ. दृश्य प्रकाशाचा एक फोटॉन त्याच्या चार-पाचशे पट ऊर्जेचा असतो. त्याला गॅप आहे की नाही याने काही फरक पडत नाही. फरक बघायचा तर दूर-अवरक्तातच उतरावं लागतं.

तिथे जाड, चकचकीत नमुन्याचं परावर्तन मोजायला घेतलं तर दुसरी अडचण. चांगला धातू सामान्य अवस्थेतच ९८-९९ टक्के परावर्तन करतो. अतिसंवाहक झाल्यावर गॅपच्या खाली ते १०० टक्के होतं. म्हणजे जे बघायचं ते एक-दोन टक्क्यांत आहे, आणि क्रायोस्टॅटचा तांब्याचा दांडा ३०० वरून ४ केल्विनपर्यंत ०.३ टक्के आकसतो. ३० सेंटिमीटरचा दांडा जवळपास १ मि.मी. वर सरकतो, किरणाचा ठिपका नमुन्याच्या कडेवर जातो, आणि परावर्तन चार टक्के ‘घटतं’. शेजारी संदर्भाचा आरसा ठेवून तो त्याच तापमानाला मोजा, किंवा त्याहून चांगलं, मापन झाल्यावर नमुन्यावरच सोन्याचा थर बसवून पुन्हा मोजा. आकार, खडबडीतपणा, जागा सगळं तेच राहतं.

पातळ फिल्म असेल तर मी सरळ पारगमनच मोजतो. १९५० च्या दशकात ग्लोव्हर आणि टिंकहॅम यांनी शिसं आणि कथलाच्या पातळ फिल्मवर हेच केलं, आणि १९५८ मध्ये मॅटिस आणि बार्डीन यांनी त्यामागची संवाहकतेची सूत्रं दिली. इथे एका गोष्टीने नवखे हमखास घाबरतात. अतिसंवाहक अवस्थेतलं पारगमन भागिले सामान्य अवस्थेतलं पारगमन हे गुणोत्तर गॅपच्या आसपास १ च्या वर जातं. अतिसंवाहकातून जास्त प्रकाश गेला कसा? कारण तिथे संवाहकतेचा शोषण करणारा, वास्तव भाग गळालेला असतो, आणि पडदा धरणारा काल्पनिक भाग अजून मोठा झालेला नसतो, तो कमी वारंवारतेकडे वाढत जातो. दोन्ही मिळून फिल्म तिथे सामान्य धातूपेक्षा कमी अडवते. हा उंचवटा म्हणजे दोष नाही. तो दिसला नाही तरच काळजी करायची. (वायबीसीओमध्ये मात्र असा स्वच्छ उंचवटा शोधू नका. तिथली फट सगळ्या दिशांना सारखी नाही, काही दिशांना ती शून्यच आहे, त्यामुळे काठ धारदार येतच नाही.)

उंचवट्याच्या अंगावर बारीक दात दिसत असतील तर आधी त्यांच्या जागा बघा. पाण्याच्या वाफेच्या शोषणरेषा १.०९७, १.११३ आणि १.१६३ टेराहर्ट्झला येतात, म्हणजे नेमक्या नायोबियम नायट्राइडच्या गॅपच्या दारात. गॅप तापमानाबरोबर सरकते, पाण्याच्या रेषा सरकत नाहीत. किरणाची सगळी वाट कोरड्या नायट्रोजनने भरा. दात ठरावीक अंतराने, साधारण ०.१ टेराहर्ट्झच्या पावलाने येत असतील तर ते आधारपट्टीतले, म्हणजे फिल्म जिच्यावर वाढवली त्या पट्टीतले, प्रतिध्वनी आहेत. अर्ध्या मि.मी. जाडीच्या नीलमच्या पट्टीतून आत-बाहेर जायला प्रकाशाला १० पिकोसेकंद लागतात. किरणाचा स्पंद वेळेनुसार नोंदवताना पहिल्या प्रतिध्वनीच्या आधी कापलं की दात जातात, पण त्याबरोबर ०.१ टेराहर्ट्झपेक्षा बारीक तपशीलही जातो. स्ट्रॉन्शियम टायटॅनेटवर वाढवलेली फिल्म घेऊन पारगमन मोजायला बसूच नका. त्या स्फटिकाचा पारविद्युत स्थिरांक सामान्य तापमानालाच ३०० च्या घरात आहे आणि थंड केल्यावर हजारांत जातो. टेराहर्ट्झसाठी ती भिंतच.

आणि बर्फ. क्रायोस्टॅटमध्ये सगळ्यात थंड जागा नमुन्याची असेल तर उरलीसुरली सगळी वाफ त्याच्यावर गोठते. ओळख अशी, की एकाच तापमानाला तासाभराने मोजलेलं वाचन बदलतं, आणि मध्य-अवरक्तात ३२०० प्रति सेंटिमीटरच्या आसपास रुंद खड्डा पडतो. नमुना २०० केल्विनपर्यंत वर नेऊन आणला की सगळं जागेवर. रात्रभर पंप चालवा, आणि आधी बाहेरचा शीतकवच थंड होऊ द्या, नमुना नंतर.

मग तो दीड केल्विन गेला कुठे?

प्रकाशाच्या क्रायोस्टॅटमध्ये थर्मामीटर तांब्याच्या धारकावर असतो आणि फिल्म कडेने चिमटीत धरलेली, मधल्या भोकावर. ३०० केल्विनच्या खिडकीतून दर चौरस सेंटिमीटरला जास्तीत जास्त ४६ मिलिवॅट उष्णताकिरण येऊ शकतात. फिल्मला ही उष्णता कडेच्या चिमटीतूनच बाहेर टाकायची आहे. चिमटीखाली इंडियमचा पातळ पत्रा घाला, भोक लहान करा, खिडकीच्या आत थंड कवचावर एक गाळणी बसवा. टेराहर्ट्झ निर्माण करणाऱ्या लेसरचा उरलेला प्रकाशही फिल्मवर सांडतो. तो काळ्या पॉलिथिनने अडवा. टेराहर्ट्झ त्यातून पार होतं, लेसर होत नाही. तो एक-दीड इलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन दृश्यातल्यासारखाच गॅपपेक्षा कैक पट मोठा आहे आणि एकटाच शेकडो जोड्या मोडू शकतो. याच पदार्थाच्या तारेवर एकेक फोटॉन मोजणारी उपकरणं चालतात, तेव्हा त्याला किरकोळ समजू नका.

पण खरा इलाज वेगळा, आणि तो सापडल्यापासून मी धारकावरच्या थर्मामीटरवर फारसा विसंबत नाही. प्रकाशाच्या क्रायोस्टॅटमध्येही फिल्मच्या कोपऱ्यांवर चार बारीक तारा राहू द्यायच्या. किरण चालू ठेवून रोध मोजायचा, किरण अडवून रोध मोजायचा. रोध कोसळतो ते धारकाचं तापमान दोन्ही वेळा लिहायचं. माझ्या फिल्मवर किरण अडवल्यावर आकडा १४.८ होता आणि किरण सोडल्यावर १३.९. म्हणजे फिल्म धारकापेक्षा जवळपास एक केल्विनने गरम होती, आणि ते थर्मामीटरला कळायचा प्रश्नच नव्हता.

उरलेला अर्धा केल्विन मात्र तारांनी आणि गाळण्यांनी हलला नाही, आणि तो खोटाही निघाला नाही. रोध शून्य व्हायला फिल्मवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच चांगली वाट पुरते. प्रकाश मात्र ठिपक्याखालचा सगळा भाग सरासरी करून बघतो. फिल्मचा कडेचा भाग पातळ किंवा वेगळ्या घटकांचा असेल, तर विद्युत टीसी वर आणि प्रकाशीय टीसी खाली असाच फरक पडायला हवा. मी फिल्मचे चार तुकडे केले. मधल्या तुकड्यात दोन्ही आकडे ०.१ केल्विनच्या आत जुळले, कडेच्या दोन तुकड्यांचा टीसी दोन्ही मापनांत खाली आला. तेव्हापासून ५ मि.मी. चा मधला तुकडाच कापून घेतो आणि किरणाचा ठिपका २ मि.मी. च्या भोकातून आणतो.